रिपोर्ट संपलाच नव्हता

आमच्या गल्लीच्या टोकाला एक मावशी राहतात. चार घरची धुणीभांडी करतात. गेल्या वर्षी उन्हाळ्यात त्यांना सारखा थकवा यायचा, म्हणून मीच त्यांना रक्त तपासून घ्यायला पाठवलं. दुसऱ्या दिवशी रिपोर्ट मुलाच्या व्हॉट्सअ‍ॅपवर आला. मुलगा दहावीला, हुशार पोरगा. त्यानं रिपोर्ट उघडला. हिमोग्लोबिन पाहिलं, पांढऱ्या पेशी पाहिल्या. प्रत्येक आकडा शेजारी लिहिलेल्या मर्यादेत बसत होता. खाली डॉक्टरांची सही होती, शिक्का होता. "आई, सगळं नॉर्मल आहे," तो म्हणाला. मावशींनी मला निरोप दिला, "सिस्टर, काही नाही निघालं. उन्हाचं असेल." मी कामात होते. "बरं झालं," म्हणाले आणि विसरून गेले. रिपोर्ट मी स्वतः पाहायला हवा होता. ती चूक माझी.

पावसाळ्यात मावशींच्या पायाच्या करंगळीला चप्पल लागून जखम झाली. महिना झाला तरी भरेना. हळद लावून झाली, मेडिकलवाल्याचं मलम लावून झालं. माझ्याकडे आल्या तेव्हा बोट काळं पडायला लागलं होतं. मी विचारलं, "मावशी, तो उन्हाळ्यातला रिपोर्ट कुठंय?" मुलानं फोन काढला आणि पहिलं पान दाखवलं. मी बोटानं ते पान वर सरकवलं. खाली दुसरं पान होतं आणि त्याखाली तिसरं. दुसऱ्या पानावर उपाशीपोटीची साखर २४६. तिसऱ्या पानावर एचबीएवनसी, म्हणजे तीन महिन्यांच्या साखरेचा अंदाज देणारी तपासणी, ९.८. उपाशीपोटी १२६ किंवा जास्त आणि एचबीएवनसी ६.५ किंवा जास्त आली की मधुमेह धरतात. मावशींचे दोन्ही आकडे कुठल्या कुठं गेले होते.

मुलगा रडायला लागला. "मी पाहिलं होतं खाली, पण परत तेच दिसलं," असं सारखं म्हणत होता. मी नीट पाहिलं तर पोरगा खरं बोलत होता. दुसरं पान सुरू होताना वर पुन्हा त्याच लॅबचं नाव, तेच बोधचिन्ह, आईचं तेच नाव, तेच वय. पहिल्या पानाच्या तळाशी सही-शिक्का आणि त्याखाली पुन्हा तेच लेटरहेड. कुणालाही वाटेल की एकच कागद दोनदा आलाय. 'पान १, एकूण ३' असं लिहिलं होतं, पण कोपऱ्यात, मुंगीएवढ्या अक्षरात.

मावशींची करंगळी काढावी लागली. पाय वाचला. आज त्या गोळ्या घेतात, पथ्य पाळतात, कामावर जातात. पण मधले साडेतीन महिने हातातून गेले ते गेलेच.

आरोग्याच्या पानावर आज फोनचा पडदा सरकवण्याविषयी, ज्याला आपण स्क्रोल करणं म्हणतो त्याविषयी लिहिते आहे, ते यासाठी.

कागद सांगायचा, फोन सांगत नाही

मी नर्सिंगला होते तेव्हा वॉर्डात सगळं कागदावर चालायचं. केसपेपरची एक बाजू भरली की तळाशी लिहायचं, 'कृपया मागे पाहा'. ते लिहिलं नाही म्हणून मी सिनिअर सिस्टरांची बोलणी खाल्ली आहेत. मागच्या बाजूला लिहिलेलं इंजेक्शन पुढच्या पाळीतल्या नर्सला दिसलं नाही, तर भोगतो पेशंट. मासिकातल्या कथेखाली 'क्रमशः' असायचं. वर्तमानपत्रात 'पान ५ वर' असायचं. आणि सिनेमा संपला की पडद्यावर मोठ्या अक्षरात 'समाप्त'. लोक चपला शोधायला लागायचे.

म्हणजे कागद आणि पडदा आपल्याला दोन गोष्टी प्रामाणिकपणे सांगत होते. पुढं अजून आहे, किंवा आता संपलं. फोनमध्ये या दोन्ही खुणा पुसट झाल्या आहेत. जिथं पुढं जायला हवं तिथं पुढं काही आहे हे कळत नाही. आणि जिथं थांबायला हवं तिथं शेवटच येत नाही. मावशींचा रिपोर्ट संपण्याआधीच संपल्यासारखा वाटला. त्याच रात्री त्याच फोनवर त्याच मुलानं दोन तास रील पाहिल्या, त्या संपल्याच नाहीत. दोन्हीचं नुकसान शेवटी शरीरावरच येतं.

खिडकी आणि खिडकीमागचा कागद

आधी हे सरकवणं म्हणजे काय ते समजून घेऊ. भिंतीला एक लहान चौकोनी खिडकी आहे आणि तिच्या मागे एक लांबच लांब कागद टांगलाय, असं समजा. खिडकीतून दिसेल तेवढंच वाचता येतं. खालचं वाचायचं तर कागद वर ओढावा लागतो. फोनचा पडदा ही ती खिडकी. बोट वर ढकललं की कागद वर जातो आणि खालचा मजकूर दिसतो.

आता गंमत बघा. आपण शिकवताना म्हणतो, "खाली जा". शिकणारी बाई बोट खाली ओढते. कागद उलटा जातो, ती परत सुरुवातीला येते आणि म्हणते, "मला नाही जमत बाई." तिचं काही चुकलेलं नसतं, आपला शब्द चुकलेला असतो. विहाराच्या हॉलमध्ये आम्ही महिलांना फोन शिकवायला बसतो तेव्हा मी आता "खाली जा" म्हणतच नाही. "कागद वर ढकला," म्हणते. साठीच्या आजीसुद्धा पाच मिनिटांत शिकतात.

संगणकावर पूर्वी उजव्या कडेला एक जाड पट्टी असायची. तिच्यावरून कळायचं की कागद किती लांब आहे आणि आपण कुठं आहोत. १९९६ मध्ये मायक्रोसॉफ्टनं चाक असलेला माउस बाजारात आणला, तेव्हापासून बोटानं चाक फिरवायची सवय लागली. २००७ मध्ये आयफोन आला आणि बोटानं पडदाच ढकलायची सोय झाली. बोट उचललं तरी पान थोडं पुढं धावतं, हळू होतं आणि शेवटाला रबरासारखं ताणून परत येतं. ते रबरासारखं ताणणं म्हणजे 'संपलं' ही खूण होती. चांगली खूण होती. पण पट्टी मात्र बारीक होत गेली. २०११ मध्ये अ‍ॅपलनं आपल्या संगणकांवरही ती एरवी लपवायला सुरुवात केली. आज बहुतेक फोनवर केसासारखी रेघ पान हलवताना क्षणभर दिसते आणि विरून जाते. म्हणजे आधी हलवून पाहाल तरच हलवता येतं हे कळणार!

लोक पडद्यावर कुठं पाहतात याचा अभ्यास अमेरिकेतल्या नील्सन नॉर्मन ग्रुप या संस्थेनं बरीच वर्षं केला आहे. बुबुळांची हालचाल टिपणारं यंत्र लावून त्यांनी हे मोजलं. संगणकाच्या पडद्यावर न सरकवता जेवढं दिसतं तेवढ्यावर २०१० मध्ये लोकांचा पाहण्यातला ८० टक्के वेळ जात होता. २०१८ मध्ये तो ५७ टक्क्यांवर आला. पहिले दोन पडदे मिळून ७४ टक्के. म्हणजे लोक आता पूर्वीपेक्षा खाली जातात, पण नजर अजूनही वरच जास्त रेंगाळते. मोठमोठ्या पडद्यांवर सरावलेल्या माणसांची ही गोष्ट आहे.

याचा अर्थ साधा आहे. जे महत्त्वाचं ते वर हवं. मावशींच्या रिपोर्टमध्ये मर्यादेबाहेर गेलेले आकडे पहिल्याच पानावर, पहिल्याच चौकटीत आले असते, तर पंधरा वर्षांच्या पोरावर ही वेळ आली नसती. जिथं मजकूर संपल्यासारखा दिसतो पण संपलेला नसतो, त्याला मी 'खोटा तळ' म्हणते. विहिरीत उतरणाऱ्याला खोटा तळ किती महागात पडतो, ते सांगायला नको.

जिथं शेवट हवा तिथं शेवट नाही

आता दुसरी बाजू. २००६ च्या सुमारास अमेरिकेत एझा रास्किन नावाच्या तरुण तंत्रज्ञानं एक युक्ती काढली. तोवर इंटरनेटवर दहा गोष्टी दिसल्या की तळाशी 'पुढचं पान' असं बटण दाबावं लागायचं. रास्किननं विचार केला, माणूस तळाशी आलाय म्हणजे त्याला पुढचं हवंय, मग विचारायचं कशाला? आपोआपच पुढचं आणून द्यावं. हेतू सोयीचा होता. पण ती युक्ती अशा कंपन्यांच्या हाती गेली, ज्यांची कमाई आपण किती वेळ पाहतो यावर चालते. पुढं रास्किननं आपल्या या शोधाबद्दल जाहीरपणे खेद व्यक्त केला. २०१८ मध्ये माणसाच्या हिताचं तंत्रज्ञान असावं यासाठी काम करणारी एक संस्था सुरू झाली, तिच्या संस्थापकांमध्ये तो आहे.

'पुढचं पान' हे बटण म्हणजे काय होतं? ती एक थांबायची जागा होती. पायऱ्या चढताना मधे सपाट जागा असते ना, तशी. तिथं क्षणभर थांबून माणूस ठरवायचा, अजून वर जायचं की पुरे. ती सपाट जागाच काढून टाकली, आणि जिना संपेना.

आपल्या देशात हे लहान व्हिडिओंच्या रूपानं घराघरांत आलं. २९ जून २०२० ला टिकटॉकवर बंदी आली. लगेच जुलैमध्ये इन्स्टाग्रामनं रील आणल्या. सप्टेंबरमध्ये यूट्यूबनं शॉर्ट्स आणले, आणि त्यांची सुरुवात जगात सर्वांत आधी भारतात केली. दुकान बंद झालं पण माल तोच राहिला.

थांबता का येत नाही? स्किनर नावाचे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ होते. त्यांनी कबुतरांवर प्रयोग केले. बटणावर चोच मारली की दाणा. दाणा ठरावीक चोचींनंतर मिळाला तर कबुतर दाणा खाऊन थोडं विसावतं. पण दाणा कधी मिळेल याचा नेम नसेल, कधी दुसऱ्या चोचीला, कधी चाळिसाव्या, तर कबुतर चोच मारतच राहतं. दाणा बंद केला तरी बराच वेळ मारत राहतं. लॉटरीचं तिकीट घेणारा माणूस आठवा. एक रील कंटाळवाणी, दुसरी तशीच, तिसरीला हसू आलं. मग त्या पुढच्या हसण्यासाठी अंगठा आणखी वीस वेळा सरकतो.

हे मी वरून सांगत नाही. नाइट ड्युटीच्या दिवसांत मी सकाळी घरी येऊन, पाठ टेकून, "पाचच मिनिटं" म्हणत फोन हातात घ्यायचे. डोळे उघडे, मेंदू बंद. भिंतीवरचं घड्याळ बघितलं की साडेअकरा. संध्याकाळी परत ड्युटी. माणसाला इंजेक्शन देणारे हात आहेत हे, झोपेविना थरथरून चालणार नाही, हे कळत असूनही व्हायचं. म्हणून कुणाच्या मुलाला "तुला अक्कल नाही" म्हणण्याआधी मी स्वतःला आठवते.

डोळे, मान, अंगठा आणि झोप

डोळे: एरवी आपण मिनिटाला साधारण पंधरा वेळा पापणी मिटतो. पडद्याकडे टक लावली की हे प्रमाण निम्म्यावर किंवा त्याहूनही खाली येतं. पापणी म्हणजे डोळ्याचं पोतेरं, ती फिरली नाही की डोळा कोरडा पडतो. चुरचुरतो, लाल होतो, पाणी येतं. उपाय फुकटचा आहे. दर वीस मिनिटांनी वीस फुटांवरचं काहीतरी वीस सेकंद पाहायचं आणि मुद्दाम पापण्या मिटायच्या. वीस फूट म्हणजे आपल्या खोलीच्या बाहेर, दारातून गल्लीकडे बघावं लागेल. बघा.

मान: ताठ बसलं की मानेवर डोक्याचं वजन साधारण साडेचार ते साडेपाच किलो असतं. न्यूयॉर्कचे मणक्याचे सर्जन केनेथ हंसराज यांनी २०१४ मध्ये गणित मांडून दाखवलं की मान ६० अंशांत वाकली की मणक्यावर येणारा भार सुमारे २७ किलोपर्यंत जातो. हे गणितानं काढलेले आकडे आहेत, प्रत्येकीच्या मानेवर वजनकाटा लावून मोजलेले नाहीत. तरी दिशा कळते. डोक्यावर हंडा वाहिलेल्या मानेला रात्री हा आणखी एक भार कशाला? फोन छातीशी नको, डोळ्यांच्या जवळपास उचलून धरा.

अंगठा: मनगटापाशी अंगठ्याच्या बाजूला दोन स्नायुबंध एका अरुंद नळीतून जातात. तिथं सूज आली की अंगठा हलवताना कळ निघते. स्विस सर्जन फ्रिट्झ द केर्व्हां यांनी १८९५ मध्ये या दुखण्याचं वर्णन केलं, त्यांच्याच नावानं ते ओळखलं जातं. बाळाला सारखं उचलणाऱ्या आयांना आणि कपडे पिळणाऱ्या बायांना ते जास्त होतं. फोनमुळेच होतं असं मी म्हणणार नाही. पण दिवसभर कपडे पिळलेल्या अंगठ्यानं रात्री दोन तास पडदा ढकलला तर दुखरी जागा बरी कशी व्हावी? घरी पाहायचं असेल तर अंगठा मुठीत घ्या आणि मनगट हळूच करंगळीकडे वाकवा. अंगठ्याच्या मुळाशी तीव्र कळ आली तर अंगठ्याला आराम द्या, फोन टेबलावर ठेवून दुसऱ्या हाताच्या तर्जनीनं वापरा आणि डॉक्टरांना दाखवा.

झोप: मोठ्या माणसाला किमान सात तास आणि तेरा ते अठरा वयाच्या मुलांना आठ ते दहा तास झोप हवी. झोप तुटत राहिली की रक्तदाब आणि साखर आटोक्यात ठेवणं अवघड जातं, आणि अभ्यास डोक्यात राहत नाही. एका खोलीच्या घरात एक जण बघत असला तरी उजेड आणि आवाज सगळ्यांच्या झोपेत जातो.

लहान मुलं: जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये सांगितलं आहे की एक वर्षाच्या आतल्या बाळाला पडदा अजिबात नको, आणि दोन ते चार वर्षांच्या मुलाला दिवसाला एक तासापेक्षा जास्त नको. घास भरवताना रील लावतो तेव्हा मूल जेवत नाही, गिळतं. पोट भरलं हे त्याला कळतच नाही. जेवणाचाही 'समाप्त' आपण पुसतो.

जन्मसाल शोधता शोधता

आता सरकारी-निमसरकारी फॉर्मकडे येऊ. कारण दवाखान्याची नोंदणी, आरोग्य कार्ड, शिष्यवृत्ती, रेशन, सगळं आता फोनवर आलंय.

मागे एका मुलीचा शिष्यवृत्तीचा अर्ज आम्ही भरत होतो. पाऊण तास लागला. शेवटी वरचं नाव तपासावं म्हणून तिनं पान वरपर्यंत आणलं आणि बोट थोडं जास्तच खाली ओढलं गेलं. गोल फिरणारी खूण दिसली आणि सगळा फॉर्म कोरा! वरच्या टोकाला असताना पान खाली ओढलं की ते नव्यानं उघडतं, ही सोय बातम्या पाहायला ठीक आहे. पण अर्ज भरताना ती सोय म्हणजे लिहिलेल्या पाटीवर ओला हात.

दुसरा त्रास जन्मतारखेचा. पंचावन्न वर्षांच्या बाईला तिचं जन्मसाल शोधायला आजच्या सालापासून मागं मागं सरकवत जावं लागतं. जोरात ढकललं की १९४० येतं, हळू ढकललं की बोट थकतं. मग कंटाळून जवळचं कुठलं तरी साल दाबलं जातं आणि आधारशी जुळत नाही म्हणून अर्ज परत येतो. यावर एक युक्ती आहे. अँड्रॉइड फोनच्या कॅलेंडरमध्ये वरच्या सालाच्या आकड्यावर बोट टेकवा, बऱ्याचदा सालांची यादी उघडते.

तिसरा त्रास डब्यातल्या डब्याचा. पानाच्या मधोमध एक छोटी चौकट असते, तिच्यात अटी लिहिलेल्या असतात. चौकट वेगळी सरकते, पान वेगळं सरकतं. बोट चौकटीवर पडलं की पान अडकतं. 'मान्य आहे' ही खूण कुठं करायची ते सापडत नाही, आणि सापडली की न वाचताच केली जाते. एखाद्या दवाखान्याच्या संमतिपत्रावर असं होतं तेव्हा मला त्याची भीती वाटते. संमती म्हणजे वाचून, समजून दिलेली संमती.

हे आपलं अडाणीपण नाही

आपल्या वस्तीतल्या बाया एक वाक्य फार लवकर बोलतात, "आम्ही अडाणी, आम्हाला काय कळतंय." ते वाक्य इथं चालणार नाही. कारण चांगलं पान कसं बनवावं याचे नियम लिहिलेले आहेत. इंटरनेटचे दर्जे ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी या जागतिक संस्थेनं २०१८ मध्ये सांगितलं की अक्षरं मोठी केली तरी वाचण्यासाठी पान उभं आणि आडवं असं दोन्हीकडे सरकवावं लागू नये. नकाशे, मोठे तक्ते अशा थोड्या गोष्टींना सूट आहे. २०२३ मध्ये त्यांनी सांगितलं की जे काम बोट ओढून करावं लागतं, ते नुसतं टेकवूनही करता आलं पाहिजे. थरथरत्या हाताचा, अधू नजरेचा विचार करून हे नियम झाले आहेत.

रिपोर्टचा तक्ताच घ्या. अक्षर दिसत नाही म्हणून बोटांनी मोठं केलं की तपासणीचं नाव डावीकडे राहतं, मर्यादेचा आकडा उजवीकडे पडद्याबाहेर जातो. मधला आकडा एकटाच दिसतो. २४६ जास्त की कमी, कशावरून ओळखायचं?

आपल्याकडे अपंग व्यक्ती हक्क कायदा २०१६ चा आहे. ३० एप्रिल २०२५ ला सर्वोच्च न्यायालयानं अ‍ॅसिड हल्ल्यातून वाचलेल्या व्यक्ती आणि दृष्टिहीन व्यक्तींच्या याचिकांवर निकाल दिला. डिजिटल सेवा वापरता येणं हा राज्यघटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, असं न्यायालयानं म्हटलं. म्हणजे पान नीट वापरता येईल असं बनवणं ही कुणाची मेहेरबानी नाही. अमेरिकेतल्या न्यूयॉर्क राज्यानं जून २०२४ मध्ये अठरा वर्षांखालील मुलांसाठी कायदा केला. मुलांना खिळवून ठेवणारी, आपोआप निवडून येणारी चित्रफितींची रांग पालकांच्या संमतीशिवाय द्यायची नाही आणि मध्यरात्री बारा ते सकाळी सहा तिच्या सूचना पाठवायच्या नाहीत. कंपन्यांना लगाम घालता येतो, हे यातून कळतं.

आपण काय मागायचं? लॅबकडे मागायचं की मर्यादेबाहेरचे आकडे पहिल्या पानावर, ठळक द्या. 'एकूण ३ पानं' हे वर, मोठ्या अक्षरात लिहा. कागदी प्रत मागायची. अर्ज बनवणाऱ्यांकडे मागायचं की एक लांबलचक पान नको, टप्पे करा, 'पाचपैकी दुसरा टप्पा' असं लिहा आणि प्रत्येक टप्पा साठवून ठेवा. जन्मसाल लिहू द्या.

घरात आजपासून काय करायचं

रिपोर्ट आला की आकड्यांच्या आधी पानं मोजा. कोपऱ्यात '१/३' असं काही आहे का बघा. सही-शिक्का दिसला म्हणजे संपलं असं समजू नका. पान रबरासारखं ताणून परत येईपर्यंत, किंवा हलायचं थांबेपर्यंत वर ढकला.

जेवढ्या तपासण्यांचे पैसे भरले तेवढ्या रिपोर्टमध्ये आहेत का, ते पावती शेजारी धरून पडताळा. मावशींच्या पावतीवर साखरेची तपासणी लिहिलेली होती. हे पडताळलं असतं तर त्या दिवशीच कळलं असतं.

तक्ता वाचताना फोन आडवा धरा, म्हणजे तिन्ही रकाने एकत्र दिसतात. तरी शंका राहिली तर आशाताईंना, नर्सला, डॉक्टरांना दाखवा. "नॉर्मल आहे" हा निरोप पुरेसा नाही.

अर्ज भरताना मजकूर आधी वहीत लिहून ठेवा. पान सरकवताना बोट कडेच्या मोकळ्या जागेवर टेकवा. वरच्या टोकाला पोचलात की बोट खाली ओढू नका.

रीलसाठी 'समाप्त' आपणच लिहायचा. अँड्रॉइडच्या सेटिंगमध्ये डिजिटल वेलबीइंग आहे, तिथं प्रत्येक अ‍ॅपला वेळ ठरवून देता येतो. त्याहून सोपं म्हणजे भाजी शिजायला ठेवतो तसा गजर लावा. गजर झाला की फोन ठेवायचा आणि उठून उभं राहायचं. बसल्या जागी अंगठा ऐकत नाही, उभं राहिलं की ऐकतो.

रात्री चार्जर उशाशी नको. आमच्या घरात आता सगळे फोन ओट्याच्या वरच्या प्लगला लागतात, दहा वाजता. पहिले आठ दिवस भांडणं झाली. मग माझीच झोप सुधारली, म्हणून मी कुणाला काही बोलायची गरज राहिली नाही.

आणि मुलांना रागावू नका. मावशींच्या मुलानं आईची करंगळी आपल्यामुळे गेली असं मनाला लावून घेतलं होतं. मी त्याला बसवून तो रिपोर्ट परत दाखवला. सही कुठं होती, लेटरहेड कुठं होतं, पानाचा आकडा किती बारीक होता. "तू वाचलंस, घरात दुसऱ्या कुणाला वाचताही येत नव्हतं," मी म्हणाले. आता गल्लीत कुणाचाही रिपोर्ट आला की लोक त्याच्याकडे आणतात. तो आधी पानं मोजतो, मोठ्यानं.

मावशीसुद्धा बदलल्या आहेत. परवा बँकेतून मेसेज आला म्हणून माझ्याकडे फोन घेऊन आल्या. मी वाचून दाखवला आणि फोन परत द्यायला लागले, तर हात पुढं करेनात. म्हणाल्या, "सिस्टर, वर ढकलून बघा. अजून खाली असेल काहीतरी."

मी ढकललं. खाली आणखी दोन ओळी होत्या.